संध्याकाळचा कोंबडा

ज्यानं माझ्या नवऱ्याचा जबडा फोडला, त्याचे पुढचे दात मी पाडले. मोबाईलनं पाडले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या भावकीत ही हकिगत कुणीही सांगायला बसलं की दात शेवटपर्यंत लपवून ठेवतं आणि मग टाळी मागतं. मला टाळी नको. मोबाईलचं मला वाईट वाटतं, दातांचं अजिबात नाही.

आम्ही माणदेशातली मेंढरं राखणारी माणसं. घरची थोडी कोरडवाहू जमीन आहे, पण पोट मेंढरांवर. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, आष्ट्याच्या बाजूला. तिथले शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून, आणि आम्हाला धान्य देतात. उन्हाळा सरला की परत वर. मी बारावीपर्यंत शिकले आणि मग मेंढरांमागं आले. नवरा शाळेच्या वाटेला गेला नाही, पण त्याची हाळी ऐकली असती तर तुम्हीसुद्धा चरायचं सोडून त्याच्याकडं चालत गेला असता. "हुर्र्र्र ये ये ये बाळा हो" असं काहीतरी असायचं ते. कागदावर उतरत नाही. दोन शेतं पलीकडची मेंढी मान वर करायची.

मोबाईल त्यानं आटपाडीच्या बाजारात घेतला. मी भांडले, कारण बटणांचा जुना चांगला चालत होता. पण दुकानदार गोडबोल्या. "वहिनी, बॅटरी बगा. तुमाला रानात लाइट न्हाई, काय न्हाई. एकदा भरली की तीन दिस बगायचं काम न्हाई." मग त्यानं मोबाईल उलटा केला. पाठीमागं तीन डोळे.

"तीन क्यामेरे?" मी विचारलं.

"खरा एकच. दोन आपलं शोभंचं."

"मग ते कशाला? दिष्ट लागू नये म्हणून?"

नवरा खो खो हसला आणि तिथंच माझा पराभव झाला. हसला की तो घेणारच. दुकानदारानं मग टॉर्च दाखवला, पाठीचं प्लास्टिक नखानं वाजवून दाखवलं, "काच न्हाई, पडला तरी फुटायचा न्हाई" म्हणाला, आणि शेवटी आवाज दाखवायला गजर लावला. तेव्हा संध्याकाळचे साडेपाच होत आले होते. दुकानात कोंबडा आरवला. असा आरवला की शेजारच्या पिशवीवाल्यानं मान आत घालून बघितलं.

आता आमच्याकडं अवकाळी कोंबडा आरवला तर त्याची मान मुरगळतात. भरल्या घरावर संकट येतं म्हणतात. मी म्हटलं, "काढा ते आधी." दुकानदार म्हणाला, काढतो. काढलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला रानात कोंबडा. तिसऱ्या दिवशी कोंबडा. नवऱ्याला ते बंद करता येईना आणि मला करू देईना, कारण त्याला गंमत वाटायला लागली होती.

बोटाचं कुलूपही होतं, बाजूच्या बटणात. पण लोकर कातरून कातरून नवऱ्याचा अंगठा खेटराच्या तळासारखा झालेला, मोबाईल त्याला ओळखेना. माझा ओळखला. म्हणजे मोबाईल त्याचा आणि कुलूप माझं. "बायकूला इचारून फोन उघडायचा, बगा काय दिवस आलं," असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

मग एका एडक्यानं त्याच्या कमरेला धडक मारली. खिशातल्या मोबाईलची काच तडकली आणि खालची पट्टी मेली. वरती बोट चालायचं, खाली काही केल्या चालायचं नाही. आणि गजर बंद करायची जागा नेमकी खाली. बाजूचं बटण दाबलं की कोंबडा घटकाभर गप्प बसायचा आणि पुन्हा बोंबलायचा. मी कपाळावर हात मारला. नवऱ्यानं मात्र त्यातून सोय काढली. कोंबडा आरवला की तो गाभण मेंढ्यांना मीठ घातलेला मक्याचा भरडा टाकायचा. महिन्याभरात सगळा कळप शिकला. कोंबडा आरवायचा अवकाश, धूळ उडवत सगळी वाघरीपाशी हजर. वाघर म्हणजे आमचं जाळ्याचं कुंपण, रात्री मेंढरं त्यात कोंडतात.

"बग, तुजा अपशकुन कसा कामाला लावला," तो म्हणायचा.

"आगीत घाला तुमचं काम," मी म्हणायचे.

ते आले तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. नदीवरून धुकं आलेलं. नवरा वाघर सोडायला गेला होता आणि मी चूल पेटवत होते. गाडीचा आवाज आला, तर मला वाटलं उसाची असेल. धुक्यातून तिघे आले, तोंडाला मफलर. कुत्रा आधी धावला. आमचा कुत्रा भुंकून वेळ घालवणारा नव्हता, सरळ नरडीला जाणारा. पहिल्याच्या अंगावर झेपावला आणि दुसऱ्यानं त्याच्या पाठीत पहार घातली. तो ओरडलासुद्धा नाही. मागचे पाय मेले आणि पुढच्या पायांवर ओढत ओढत पुन्हा त्यांच्याकडंच निघाला. मग डोक्यात घातली.

नवरा काठी घेऊन फिरला. एकाच्या खांद्यावर त्याची काठी बसलेली मी बघितली, आणि मग तो पान्हा. चाकाचे नट खोलायचा, लोखंडी. वाळलेली काटकी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला. नवरा बसला. हनुवटी एकीकडं आणि तोंड एकीकडं. रक्त मिशांवरून छातीवर. बसल्या जागीही त्यानं पान्हेवाल्याचा पाय धरला होता, आणि तो त्याला लाथा घालत होता, बरगडीत, पोटात, पुन्हा बरगडीत.

मी चुलीतलं जळतं लाकूड घेऊन धावले. त्याच्या पाठीवर मारलं, सदऱ्याचा वास आला जळाल्याचा. तो वळला. मी त्याचा हात तोंडात धरला, मनगटाच्या जरा वर, आणि दात एकमेकांना भेटेपर्यंत चावले. माणसाचं रक्त खारट असतं आणि गरम. तो बैलासारखा ओरडला. मग दुसऱ्या हातानं त्यानं माझा गळा धरला. अंगठा नरड्यावर. डोळ्यांपुढं काळं आलं, आणि त्या काळ्यात मला मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं, फळ्यांवर खुरं आपटत होती, टेम्पोत एकावर एक कोंबत होते. ओरडावं म्हटलं तर आवाज नाही. कुत्र्यागत मला बाजूला फेकलं आणि गेले.

वाघरीत एक कोकरू राहिलं होतं. तुडवलं गेलेलं, अजून पाय हलत होते. मी तिथं जाऊन बसले आणि ते थांबेपर्यंत त्याच्या अंगावर हात ठेवला. मोबाईल मातीत पडलेला. त्याच्यावर बुटाचा ठसा. दुकानदार खोटं बोलला नव्हता, प्लास्टिक फुटलं नव्हतं. अंगठा लावला, उघडला. दिराला फोन लावला, आणि त्यानं "हॅलो, हॅलो" केलं, आणि माझ्या नरड्यातून नुसती हवा आली. मी मोबाईल चुलीच्या दगडावर आपटत राहिले, ठक ठक ठक. दीर म्हणाला, "वैनी? वैनी, आलो."

सांगलीच्या दवाखान्यात नवऱ्याचा जबडा तारेनं बांधला. वरचे दात खालच्या दातांना शिवलेले. नळीनं पाणी. डॉक्टर चांगले होते, म्हणाले, हाड जुळेल, पण बोलणं पहिल्यासारखं येईल असं आत्ता सांगत नाही. माझा गळा तपासला आणि मला गप्प राहायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला गप्प बस म्हणालं आणि मी बसले. नवरा भिंतीकडं बघत पडायचा. त्याला जबड्याचं काही नव्हतं. दोन्ही हात पोटापाशी गोल करून तो मला विचारायचा, गाभण मेंढ्या. चोरीची मेंढरं चोर राखत नाहीत, कापायला धाडतात. हे त्यालाही माहीत आणि मलाही माहीत. पाच-सात दिवस मिळाले तर मिळाले.

आणि रोज साडेपाचला वॉर्डात कोंबडा आरवायचा. सिस्टर धावत यायची. शेजारच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "आवं बाई, यमाला वाट दावताय काय?" मग मी पाच वाजले की मोबाईल बंदच करून ठेवायला लागले.

आमच्या माणसांचा मोबाईलवर एक गट आहे, कुठं चारा आहे, कुठं पाणी आहे ते सांगायला. दिरानं त्यात टाकलं. दोनच दिवसांत शिरवळहून एका मेंढपाळाचा फोन आला. महामार्गाच्या कडेला, बंद पडलेल्या एका ढाब्याच्या मागं मेंढरं कोंडलीत, आणि सगळ्यांच्या कानांतून रक्त येतंय.

कानांचं ऐकल्यावर मला कळलं. प्रत्येकाची कानाची खूण असते, कातरीनं लहानपणीच केलेली. आमची डाव्या कानाला तिरपी. ती खूण घालवायला त्या हरामखोरांनी कानच छाटले होते.

दीर आणि मी गेलो. पोलिसांना आधीच कळवलं होतं, एक वयस्कर जमादार आले होते. माझा गळा अजून बसलेला, कुजबुजल्याइतका आवाज. ढाब्यामागं तीन बाजूंना भिंत आणि पुढं तारेचं कुंपण असं आवार होतं आणि त्यात माझी मेंढरं भिंतीला तोंडं लावून उभी होती. काळतोंडी, भुंडी, लंगडणारी. म्हणायला आमचीच, पण कानांच्या जागी काळ्या खपल्या आणि खपल्यांवर माशा. त्यांच्यात दुसरी कुणाचीतरी मिसळलेली. मी कुंपणाशी गेले तर मागं सरली. माणूस दिसला की त्यांना ती कातरीच आठवत असणार.

आवाराचा मालक म्हणवणारा एक जण होता, धट्टाकट्टा, अंगावर शाल. उन्हात शाल. त्याच्याशेजारी मोठा ट्रक लागलेला, मागचं फाळकं उघडं. "बाजारात इकत घेतल्याती," तो म्हणाला. "रातच्याला म्हमईला जायाची हायती."

जमादारांनी मला विचारलं, "तुमची किती होती?"

आता हे लिहायला मला आज लाज वाटत नाही, पण तेव्हा वाटली. आम्ही मेंढरं मोजत नाही. मोजली की घटतात, अशी आमच्या घरातली समजूत आहे. संध्याकाळी तोंडं बघायची, एखादं तोंड कमी असलं की कळतं. "मोजत न्हाई," मी कुजबुजले.

शालवाला हसला. "सायेब, घ्या. किती हायती ठावं न्हाई, आन म्हनं माजी."

"खूण?" जमादार म्हणाले.

"कानाला हुती."

"कान तर न्हाईतच," शालवाला म्हणाला. त्याचा तो चेहरा. अजून स्वप्नात आला तर मी झोपेत मूठ वळते, असं नवरा सांगतो.

दिरानं हाळी दिली. तो गिरणीत कामाला, मेंढरांना त्याचा आवाज कुठला माहीत? एकही हललं नाही. मग मला आठवलं. मोबाईलमध्ये नवऱ्याचा व्हिडिओ होता, त्या तीनातल्या एकाच खऱ्या डोळ्यानं मी काढलेला. मावळतीकडं तोंड करून तो हाळी देतोय आणि कळप येतोय. मी अंगठा लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि मोबाईल कुंपणावर उंच धरला.

आला आवाज. पण पत्र्यावर चिंचोके ओतावेत तसा. हाळीतली छाती गेली, नुसतं किरकिरणं राहिलं. काळतोंडीनं एकदा कान हलवला, म्हणजे कानाचा उरलेला खुंट, आणि पुन्हा भिंतीकडं वळली. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. शालवाला गडगडाटी हसला. "मोबाईलला वळकत्यात व्हय रं मेंढरं? आता त्यास्नी आधार कारड काडा." त्याची माणसं हसली.

जमादार वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाई, मला कळतंय. पन कोंबडं झाकून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई म्हंत्यात, ते तांबडं मला दिसाय तर पायजे. काय तरी द्या हातात." ट्रकवाल्यानं फळी लावली. आधी भुंडीला ओढलं, शिंगं नाहीत म्हणून मानेला धरून. ती तीनचार आठवड्यांत व्यायची होती. तिनं पाय रोवले आणि त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. भरल्या पोटात. माझ्या तोंडून आवाज निघेना. आत असं काही पेटलं होतं की त्यानं सगळं शिरवळ जाळलं असतं, आणि बाहेर नुसता श्वास.

तेवढ्यात माझ्या हातात कोंबडा आरवला.

साडेपाच झाले होते. व्हिडिओच्या नादात मोबाईल बंद करायचं मी विसरले होते.

आधी काळतोंडीनं तोंड फिरवलं. मग लंगडीनं. मग भिंतीला लागलेली सगळी तोंडं एकदम माझ्याकडं झाली. मिसळलेली परकी मेंढरं तिथंच उभी राहिली आणि माझी धावली. कुंपणाची तार वाकली. भुंडी त्या माणसाच्या हातातून मान हिसकून फळीवरून खाली आली. एकमेकांच्या पाठीवर चढून ती माझ्यापाशी यायला बघत होती, जिभा बाहेर काढून, मिठाच्या आशेनं. माझ्याकडं मीठ नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं तेच त्यांनी चाटलं असतं.

जमादारांनी टोपी काढली आणि डोकं खाजवलं. "आयला," म्हणाले, एवढंच.

शालवाला काठी घेऊन धावला. "हाट, हाट," करत त्यानं काळतोंडीच्या तोंडावर काठी हाणली आणि दुसरी हाणायला हात वर केला. शाल सरकली. मनगटाच्या जरा वर चंद्रकोरीसारखी काळीनिळी खूण, वरची ओळ आणि खालची ओळ. माझा एक दात तिरपा आहे. त्याची जागासुद्धा दिसली.

त्यापुढं मला विचार केल्याचं आठवत नाही. मोबाईल मुठीत होता, अजून आरवत होता. मी त्याच्या तोंडावर घातला. कोपरा ओठावर बसला. पुन्हा घातला. तो मागं पडला आणि मी त्याच्या छातीवर बसले आणि घातला, घातला, घातला. पहिल्यांदा दात गेले, मग काच माझ्या तळव्यात घुसली, मग पाठीचं प्लास्टिक फुटलं, ते न फुटणारं. एक दात माझ्या लुगड्यावर उडाला. दीर मला मागून ओढत होता, जमादार ओढत होते. कोंबडा अर्ध्यात तुटला. जमादार म्हणत होते, "बास, बाई, बास, बगितलं मी, समदं बगितलं." मला बास नव्हतं. दोघांना मिळून मी आवरले नाही, तिसऱ्याला यावं लागलं.

त्याच्यावर केस झाली, माझ्यावरही झाली. दोन्ही चालू आहेत. माझ्या तारखेला मी नवं लुगडं नेसून जाते.

मेंढरं आली. भुंडीनं मात्र दुसऱ्याच दिवशी मेलेलं कोकरू टाकलं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं तारेतून एक आवाज काढला, तसला आवाज मी माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मोबाईल घेऊन मी आटपाडीला त्याच दुकानात गेले. दुकानदारानं चिमट्यानं आतलं उचकटलं. काच बदलता येईल, बॅटरी ठणठणीत आहे, पण आतला बोर्डच मोडलाय म्हणाला. "वहिनी, आतलं काय बी मिळायचं न्हाई." मी विचारलं, "व्हिडिओ?" त्यानं मान हलवली. नवऱ्याच्या हाळीचा जगात तेवढाच एक ठेवा होता. किरकिरता का असेना. तो मी त्या हरामखोराच्या दातांवर फोडला होता.

तार काढली त्या आठवड्यात आम्ही घरी, माणात होतो. जबडा जुळला, पण वाकडा. जेवतो, बोलतो, थोडं बोबडं. संध्याकाळी मेंढरं माळावर पांगलेली होती. तो बांधावर उभा राहिला, मावळतीकडं तोंड केलं, छाती भरली आणि हाळी दिली.

फुटकी निघाली. वाऱ्याबरोबर एकीकडं गेली. मेंढरं चरत राहिली. त्यानं पुन्हा दिली. हनुवटी धरून, हातानं जबडा सरळ धरून पुन्हा दिली. मग तो बांधावर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागला. पान्हा बसला तेव्हा रडला नव्हता. "माजीच मला वळखंनात गं," म्हणाला.

माझा गळा तोवर परत आला होता, पण पहिला नव्हे. घोगरा, मध्येच चिरणारा, अंगठा बसला होता तिथं दुखणारा. मी भरड्याची पाटी उचलली. ऊन कलतं होतं, साडेपाचचा सुमार. आजूबाजूला बघितलं, सासूबाई पाण्याला गेल्या होत्या. मान वर केली आणि कोंबड्यागत आरवले. बाईमाणूस, भर सांजेचं, उघड्या माळावर.

नवऱ्यानं डोकं वर काढलं. तोंड रडकं आणि वाकडं, आणि त्यातून त्याला हसू फुटलं.

"अगं, अपशकुन," तो म्हणाला.

"आगीत घाला तुमचा अपशकुन," मी म्हटलं आणि पुन्हा आरवले. माळावरून धूळ उठली. काळतोंडी पुढं, तिच्यामागं भुंडी, तिच्यामागं सगळी, बिनकानांची. आम्ही दोघं बांधावर उभं राहून तोंडं बघत होतो. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मीच आरवते.